सातवी-आठवीचं सायन्स घरी शिकवायला बसताय? मग इथनं सुरू करा

हे लिहितेय ते पहिल्यांदाच पोरांना सायन्स शिकवायला बसणाऱ्यांसाठी, म्हणजे घरातली आई, काकी, मोठी अक्का, कॉलेजला जाणारा दादा, नाहीतर गल्लीत नवीन शिकवणी काढलेला कोणीपण. आमच्या बेळगाव भागात हे काम जरा जास्तच घरच्यांच्या वाट्याला येतं, कारण पोरगं शाळेत इंग्लिश नाहीतर कन्नड मीडियमला, घरात सगळं मराठी, आणि संध्याकाळी पुस्तक उघडलं की दोन पानांत विचारतंय, "अक्का, हे पाठ करू काय?" त्याला पाठ करायला लावलं की परीक्षेपुरतं राहतं आणि नववीत सगळं परत पहिल्यापासनं.

मी शिकवताना दोनच प्रश्न धरून ठेवते. केमिकल रिॲक्शनचा धडा असला की विचारायचं, "नवीन पदार्थ तयार झाला काय?" फोर्स आणि मोशनचा धडा असला की विचारायचं, "याला कोण ढकलतंय, कोण ओढतंय?" बाकी व्याख्या, नियम, फॉर्म्युले ह्या दोन प्रश्नांची उत्तरं शोधताना आपोआप येतात, आणि आले नाहीत तर मग पाठ करा की, कोण नको म्हणतंय.

सामान आणि काळजी

लॅब नको. किराणा दुकानातनं खायचा सोडा, व्हिनेगर, लिंबं, हळद. पानाच्या टपरीवरनं चुन्याची एक पुडी. हार्डवेअरच्या दुकानातनं झिंक न चढवलेले साधे लोखंडी खिळे, हे मुद्दाम सांगून घ्या नाहीतर चकचकीत खिळे देतील आणि ते आठवडाभर पाण्यात ठेवले तरी गंजायचे नाहीत. कोल्ड्रिंकची दोन लिटरची रिकामी बाटली, झाकणासकट. गोट्या, टेप, स्ट्रॉ, फुगे, दोरा. किचनमधला डिजिटल काटा असला तर फार बरं.

आता काळजीचं, हे वाचल्याशिवाय पुढं जाऊ नका. बाथरूम धुवायचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीच एकत्र करायचं नाही, त्यातनं क्लोरीन गॅस निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो. पोरांना हे तोंडी सांगून ठेवा, कारण सोडा आणि लिंबू फसफसलेलं बघितलं की त्यांना घरातलं सगळंच मिसळून बघायचं असतं. चुना डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते, म्हणून हाताळला की लगेच हात धुवायचे आणि डोळे चोळायचे नाहीत. गॅस तयार होणारं काहीही काचेच्या बाटलीत घालून बूच लावायचं नाही.

पहिल्या दिवशी खिळे लावून ठेवा

गंजण्याचा प्रयोग पुस्तकात मागं असला तरी पहिल्याच दिवशी लावून ठेवायचा, कारण त्याला चार-पाच दिवस लागतात. तीन छोट्या बाटल्या घ्या. पहिलीत साधं पाणी आणि खिळा अर्धा बुडेल अर्धा वर राहील असा. दुसरीत उकळून गार केलेलं पाणी, खिळा पूर्ण बुडवायचा आणि वरनं तेलाचा थर. तिसरी एकदम कोरडी, त्यात बुटांच्या बॉक्समध्ये येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या आणि झाकण घट्ट. पाण्यात विरघळलेली हवा उकळल्यानं निघून जाते आणि तेल नवीन हवा आत सोडत नाही, म्हणून दुसऱ्या बाटलीत पाणी आहे पण ऑक्सिजन नाही, तिसरीत ऑक्सिजन आहे पण पाणी नाही. गंज पहिलीतच दिसतो. म्हणजे लोखंडाला गंजायला दोन्ही पायजेत हे पोरगं स्वतःच बोलतं, तुम्ही बोलायचं नाही. एकच, जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडं हवेतच एवढी ओल असते की तिसऱ्या बाटलीचं झाकण जरा सैल राहिलं तरी खिळ्यावर डाग येतात, तेव्हा टेप लावून टाका.

नवीन पदार्थ तयार झाला काय?

भौतिक बदल आणि रासायनिक बदल हा फरक सगळ्यांना सोपा वाटतो आणि पेपरात सगळे इथंच चुकतात. कारण पुस्तकात लिहिलेलं असतं की रंग बदलला, बुडबुडे आले, गरम झालं तर रासायनिक बदल, आणि पोरं तेवढंच धरतात. मग पाणी उकळताना बुडबुडे येतात म्हणून ते रासायनिक लिहून येतात. दुधात हळद घातली की रंग बदलतो, तोही रासायनिक लिहितात. ह्या सगळ्या नुसत्या खुणा आहेत, पुरावा नाही. विचारायचं ते एकच, आधी नव्हता असा पदार्थ आता आहे काय? उकळलेल्या पाण्यातनं निघते ती वाफ म्हणजे पाणीच, ताट धरलं की परत थेंब. हळदीच्या दुधात हळद पण तीच आणि दूध पण तेच.

आपल्या भागातली उदाहरणं द्या, पोरं लगेच पकडतात. शाडूचा गणपती वाळला म्हणजे पाणी उडून गेलं, विसर्जनाला पाण्यात सोडला की परत माती, हा भौतिक. खानापूरकडं वीट आणि कौलं भाजतात ती मात्र पाण्यात कितीही दिवस ठेवा परत चिखल होत नाही, कारण भट्टीच्या उष्णतेनं मातीतले खनिज पदार्थच बदललेत. आणि प्लॅस्टर ऑफ पॅरिसची मूर्ती? तिथं पावडर पाण्याशी रिॲक्शन करून घट्ट होते, होताना गरम पण लागते, म्हणून रासायनिक. तीन गोष्टी, दिसायला सगळ्या "ओलं होतं, कडक झालं", पण उत्तर वेगळं. हे तीन एकत्र विचारले की पोरगं डोकं खाजवतंय, आणि तेच पायजे.

दुसरं, कुंदा, आपली बेळगावची दुधाची मिठाई. दूध आटतं तेव्हा पाणी वाफ होऊन जातं, इथपर्यंत भौतिक. पण पुढं तो जो तपकिरी रंग आणि खमंग वास येतो तो दुधातल्या प्रोटीनची आणि साखरेची उष्णतेनं होणारी रिॲक्शन, साखर पण थोडी जळते. म्हणजे एकाच कढईत आधी एक आणि मग दुसरा, आणि दोन्ही एकमेकांत मिसळून. उद्यमबागेतल्या फौंड्रीचं पण तसंच, लोखंड वितळून साच्यात ओततात ते भौतिक, कारण वितळलेलं पण लोखंड आणि गार झालेलं पण लोखंड, पण भट्टीत कोळसा जळत असला तर ते जळणं रासायनिक. पोरगं विचारतं "मग नक्की कुठला लिहू?" त्याला सांगा, आधी कशाचा बदल विचारलाय ते बघ. कुंद्याचा बदल म्हणून प्रश्न येणारच नाही, पण असं तोडून बघायची सवय लागली की पेपरातलं "मेणबत्ती जळणे" आयुष्यात चुकत नाही, मेण वितळतं ते भौतिक, ज्योतीत जळतं ते रासायनिक.

भाकरीचं पण विचारा. ज्वारीची भाकरी फुगते ती आतल्या पाण्याची वाफ होऊन, म्हणजे भौतिक, पण तिला डाग पडतात ते पीठ भाजून, म्हणजे रासायनिक.

चुन्याची गोष्ट, इथं वेळ घालवा

मला विचाराल तर पूर्ण आठवड्यात एकच गोष्ट शिकवायची असेल तर चुना शिकवा. एका चुन्यात आम्लारी (इंग्लिशमध्ये बेस, आम्लाच्या उलट गुणाचा), कार्बन डायऑक्साइडची टेस्ट, उष्णता सोडणारी रिॲक्शन, विरघळणारं-न विरघळणारं, सगळं आहे, आणि खर्च जवळपास काही नाही.

पहिली पायरी, निवळी. पानाचा चुना बोटाच्या पेराएवढा घेऊन अर्धा लिटर पाण्याच्या बाटलीत घाला, हलवा, रात्रभर ठेवा. चुना पाण्यात फार थोडा विरघळतो, बाकीचा तळाला बसतो आणि वरचं पाणी आरशासारखं स्वच्छ होतं. तेवढंच वरचं पाणी हळूच दुसऱ्या ग्लासात ओतून घ्या, ही चुन्याची निवळी.

दुसरी पायरी, स्ट्रॉ घालून निवळीत फुंकायचं. फुंकायचं, ओढायचं नाही, हे लहान पोरांना दोनदा सांगा, आणि तोंड जरा लांब ठेवायचं म्हणजे डोळ्यात शिंतोडे उडणार नाहीत. थोड्या वेळात पाणी दुधासारखं पांढरं. तुमच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड चुन्याशी मिळून कॅल्शियम कार्बोनेट झालं, ते विरघळत नाही म्हणून पांढरं दिसतं. इथं विचारायचं, नवीन पदार्थ तयार झाला काय? झाला की.

तिसरी पायरी जास्त मजेची, आणि बरेच जण इथपर्यंत येतच नाहीत. एका बाटलीत सोडा आणि व्हिनेगर मिसळून निघणारा गॅस नळीनं निवळीत सोडत राहा, पांढरी झाली तरी थांबू नका. बऱ्याच वेळानं ती परत स्वच्छ व्हायला लागते. पोरं म्हणतात रिॲक्शन उलटी झाली. उलटी नाही झाली, जास्तीच्या कार्बन डायऑक्साइडनं कॅल्शियम बायकार्बोनेट तयार झालं आणि ते विरघळतं. आता हेच स्वच्छ पाणी वाटीत घेऊन उकळा, परत पांढरा गाळ. आणि मग घरातला बंब नाहीतर बोअरचं पाणी तापवायचं पातेलं आणून आतला पांढरा थर दाखवा, तो ह्याच रिॲक्शननं धरलेला असतो. त्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाका, फसफस होते. बोअरच्या पाण्यात भांड्याला पापुद्रा का धरतो हे आपल्या आज्जीला विचारलं तर ती म्हणेल पाणी जड आहे म्हणून, बरोबरच म्हणते.

ह्याच चुन्याचं पुढचं तोंडी सांगा, करून दाखवू नका. चुनखडी, म्हणजे तेच कॅल्शियम कार्बोनेट, भट्टीत तापवली की कार्बन डायऑक्साइड निघून जाऊन कळीचा चुना राहतो. त्यावर पाणी ओतलं की एवढी उष्णता निघते की पाणी उकळायला लागतं, म्हणून सफेदीसाठी कळी भिजवताना घरातली मोठी माणसं पोरांना लांब हाकलायची. मग तो विझलेला चुना भिंतीला लावला की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू परत कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे जिथनं निघालो तिथंच. यादवाड-लोकापूर भागात सिमेंटचे कारखाने आहेत ते पण तिथल्या चुनखडीच्या जिवावर. आणि गुऱ्हाळात उसाच्या रसात चुना टाकतात तो कशाला? रस थोडा आंबट, म्हणजे आम्लधर्मी असतो, चुना आम्लारी, दोघांचं उदासिनीकरण होतं, म्हणजे एकमेकाचा गुण मारतात, आणि मळी वेगळी व्हायला मदत होते. निपाणी-चिक्कोडीकडचं पोरगं असेल तर ते गुऱ्हाळात जाऊन आलेलंच असतं, त्यालाच सांगायला लावा, तुम्ही ऐका.

हळद आणि जास्वंद

पांढऱ्या कागदावर हळदीचं पाणी लावून वाळवा, झाली टेस्ट पट्टी. साबणाचं पाणी लावलं की लालसर तपकिरी, त्यावर लिंबू पिळलं की परत पिवळी. कपड्यावरचा आमटीचा डाग साबण लावल्यावर लाल का होतो ते इथं कळतं, आणि पूर्वी हळद आणि चुना मिसळून कुंकू करायचे ते पण.

पण हळदीची एक मर्यादा आहे, ती आम्ल दाखवत नाही. लिंबात पण पिवळी आणि साध्या पाण्यात पण पिवळी, फक्त आम्लारी असेल तर रंग बदलतो. म्हणून जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात घालून त्याचं पाणी करा, ते लिंबात गुलाबी-लाल होतं आणि सोड्यात हिरवट. दोन्ही शेजारी ठेवून घरातल्या गोष्टी तपासायला द्या, ताक, चिंचेचं पाणी, शॅम्पू, राखेचं पाणी, टूथपेस्ट. तक्ता पोरालाच करू दे, सुबक नाही झाला तरी चालेल.

वजन कुठं गेलं?

वस्तुमान टिकून राहतं हा नियम फ्रान्सच्या लाव्हाझिएनं बंद भांड्यात काळजीपूर्वक वजनं करून पक्का केला, त्याचं रसायनशास्त्राचं पुस्तक १७८९ सालचं. घरी करायचा म्हणला की सगळे बाटलीला फुगा लावून सोडा-व्हिनेगरचा प्रयोग करतात. फुगा फुगलेला बघायला छान आहे, पण वजनासाठी तो प्रयोग करू नका. फुगा लिटरभर फुगला की तो लिटरभर हवा बाजूला सारतो, तेवढ्या हवेचं वजन साधारण १.२ ग्रॅम, आणि बाजूची हवा त्याला तेवढंच वर उचलते. काटा ग्रॅमभर कमी दाखवतो आणि पोरगं म्हणतं नियम चुकीचा आहे.

त्यापेक्षा कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली घ्या, ती दाब सोसायलाच बनवलेली असते. पाण्याची पातळ बाटली नको आणि काचेची तर अजिबात नको. त्यात चहाचा एक कप व्हिनेगर. टिश्यू पेपरमध्ये एक छोटा चमचा सोडा, म्हणजे साधारण ५ ग्रॅम, पुडी बांधून. एकापेक्षा जास्त चमचा घालायचा नाही. बाटली, झाकण, पुडी सगळं काट्यावर ठेवून वजन लिहून घ्या. मग पुडी आत टाकून पटकन झाकण घट्ट. फसफस थांबली, बाटली दाबून बघितली तर दगडासारखी कडक, परत वजन करा, तेवढंच. आता झाकण हळूहळू सैल करा, सुस्स आवाज येतो, परत वजन करा, एक-दोन ग्रॅम कमी. गॅसला पण वजन असतं हे ज्या पोराला तोंडी सांगून पटत नव्हतं त्याला इथं पटतं.

समीकरणं ह्यानंतरच घ्यायची. आधी शब्दात लिहायला लावा, खायचा सोडा आणि व्हिनेगर मिळून सोडियम ॲसिटेट, पाणी, कार्बन डायऑक्साइड. मग चिन्हं. बॅलन्स करणं म्हणजे काट्यावर बघितलं तेच अणू मोजून दाखवणं, हायड्रोजनचे दोन रेणू आणि ऑक्सिजनचा एक रेणू मिळून पाण्याचे दोन रेणू, डावीकडं हायड्रोजनचे चार अणू, उजवीकडं पण चार. आकडा पुढं लावायचा, खालचा छोटा आकडा बदलायचा नाही, तो बदलला की पदार्थच बदलतो.

विस्थापनाची रिॲक्शन, म्हणजे एक धातू दुसऱ्याची जागा घेतो ती, दाखवायची असेल तर कृषी सेवा केंद्रात मोरचूद (कॉपर सल्फेट) मिळतं, द्राक्षबागेला बोर्डो फवारायला अथणीकडं नेतात तेच. निळ्या पाण्यात खिळा ठेवला की त्यावर तांबं चढतं आणि निळा रंग फिका पडत हिरवट होतो. मोरचूद विषारी आहे, हे फक्त मोठ्यांनी करायचं, स्वयंपाकाच्या भांड्यात नाही, आणि उरलेलं पाणी गटारीत किंवा झाडात ओतायचं नाही.

आता फोर्स. कोण ढकलतंय, कोण ओढतंय?

इथं पोरांच्या डोक्यात एक गोष्ट आधीच पक्की बसलेली असते की वस्तू हलायला लागली म्हणजे तिच्यात फोर्स भरलाय, आणि थांबली म्हणजे तो संपला. ती काढायला वेळ लागतो, घाई करू नका. आणि तुम्ही सांगून निघत नाही, गोटीनं निघते.

वहीचा पुठ्ठा तिरका लावून गोटी दर वेळी त्याच उंचीवरनं सोडा. एकदा खाली टॉवेल, एकदा अंगणातली माती, एकदा गुळगुळीत टाईल. टेपनं अंतर मोजा. टॉवेलवर वीतभर, मातीवर जरा जास्त, टाईलवर पार भिंतीपर्यंत. मग विचारा, याहून गुळगुळीत केलं तर? अजून लांब. आणि घर्षण शून्यच केलं तर? इथं पोरगं गप्प होतं, मग हळूच म्हणतं, थांबणारच नाही. गॅलिलिओनं उतारावर गोळे सोडून हाच विचार केला होता आणि न्यूटननं १६८७ च्या पुस्तकात तो पहिला नियम म्हणून मांडला. गोटीला थांबवणारा फोर्स लागतो, चालू राहायला लागत नाही.

जडत्व बसमध्ये शिकवा. आपली लाल बस ब्रेक मारते तेव्हा उभी माणसं पुढं जातात, विचारायचं "तुला पुढं कोणी ढकललं?" कोणीच नाही. बस थांबली, पायाला बसनं धरून थांबवलं, अंग मात्र होतं त्याच वेगानं चाललंय. कॅरमच्या सोंगट्यांची थप्पी लावून खालची स्ट्रायकरनं उडवली की वरच्या जागेवरच खाली बसतात, ते पण तेच, आणि पावसात बाहेर जाता येत नसलं की हाच प्रयोग दहा-वीस वेळा मागून घेतात.

दुसऱ्या नियमाला ऊस चालू होण्याची वाट बघा. हंगामात ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडून कारखान्याला जातात ते सगळ्यांनी बघितलंय. रिकामा ट्रॅक्टर सिग्नल सुटला की निघतो, भरलेला निघायला किती वेळ घेतो ते बघायला सांगा. इंजिन तेच, फोर्स जवळपास तोच, वस्तुमान वाढलं म्हणून त्वरण, म्हणजे वेग बदलायचा दर, कमी. मग आकडे, फोर्स म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. समजा १००० किलोची जीप सेकंदाला १० मीटर वेगानं चाललीय आणि ५ सेकंदात थांबवायची, तर त्वरण सेकंदाला २ मीटर प्रतिसेकंद उणे, फोर्स २००० न्यूटन. समजा भरलेला ट्रॅक्टर-ट्रॉली २०,००० किलो, तेवढ्याच वेळात थांबवायचा तर ४०,००० न्यूटन. म्हणून वंटमुरी घाट उतरताना अवजड गाड्या खालच्या गियरमध्ये येतात, नुसत्या ब्रेकवर सोडल्या तर घर्षणानं ब्रेक तापून निकामी होतात. आणि उसाच्या ट्रॉलीच्या पुढं मोपेड घालून अचानक ब्रेक मारणाऱ्यांना हा धडा परत शिकवायला पायजे.

घाईत एक सांगून ठेवा, दुकानात किलोत मोजतो ते वस्तुमान, आणि पृथ्वी त्याला ओढते तो फोर्स न्यूटनमध्ये, एका किलोला साधारण ९.८ न्यूटन. प्रश्नात "वजन" विचारलं असेल तर ९.८ नं गुणायचं.

तिसरा नियम सगळ्यात सोपा पाठ होतो आणि सगळ्यात कमी कळतो. दोरीवर स्ट्रॉ ओवून त्याला फुगा चिकटवून सोडा, फुगा हवा मागं ढकलतो, हवा फुग्याला पुढं, हे सगळे करतातच. पण हुशार पोरगं विचारतं की दोन्ही फोर्स सारखे आणि उलटे, मग एकमेकाला खाऊन का टाकत नाहीत? ह्याचं उत्तर तयार ठेवा, दोन्ही फोर्स वेगवेगळ्या वस्तूंवर आहेत. एक हवेवर, एक फुग्यावर. फुगा कुठं जाईल हे बघताना फुग्यावरचे बाण तेवढेच काढायचे. रस्सीखेच घ्या, दोरीला दोन्ही टीम जवळपास सारखंच ओढतात, जिंकते ती टीम जिचे पाय जमिनीला जास्त जोरात ढकलतात आणि घसरत नाहीत. एका टीमला सॉक्स घालून टाईलवर उभं करा आणि दुसरीला अनवाणी, मग बघा.

वेग मोजायला वही घेऊन बसा

खानापूरला नाहीतर निपाणीला बसनं जात असाल तर मोबाईलचं स्टॉपवॉच आणि रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड पुरे. एका दगडापासनं पुढच्यापर्यंत किती सेकंद लागले ते मोजायचं आणि ३६०० ला त्यानं भागायचं. ७२ सेकंद लागले तर तासाला ५० किलोमीटर. प्रत्येक दगडाला वेळ लिहीत गेलं की घरी येऊन आलेख काढता येतो, आडवी वेळ, उभं अंतर. बस स्टॉपवर थांबलेली तिथं रेघ आडवी, हायवेवर रेघ चढी. सरळ रेघ म्हणजे बस सरळ रस्त्यानं गेली असं बरीच पोरं समजतात, वळणाच्या रस्त्याचाच आलेख काढायला लावा, ती समजूत तिथंच जाते. आणि त्याच दिवशी परत घरी आलात की अंतर दोन्ही बाजूचं मिळून, पण विस्थापन, म्हणजे निघालो तिथपासनं पोचलो तिथपर्यंतचं सरळ अंतर, शून्य.

किलोमीटर प्रतितासचं मीटर प्रतिसेकंद करायला ५ नं गुणून १८ नं भागायचं, ३६ चे १० होतात हे एवढं एक लक्षात ठेवलं तरी उलटंसुलटं झालेलं कळतं.

पडणाऱ्या वस्तूसाठी गोकाकचा धबधबा घ्या. घटप्रभा तिथं साधारण ५२ मीटर खाली पडते. पोरांना विचारा वरनं सुटलेला थेंब खाली यायला किती वेळ? हवा नाही असं धरलं तर ५२ ची दुप्पट १०४, भागिले ९.८, त्याचं वर्गमूळ, जवळपास ३.३ सेकंद. खाली पोचताना वेग ९.८ गुणिले ३.३, सेकंदाला साधारण ३२ मीटर, म्हणजे तासाला ११५ किलोमीटर. वर्गमूळ आठवीच्या पोराला जमतं, सातवीच्याला तुम्ही करून द्या. कागद आणि दगड बरोबर सोडून बघा, मग कागदाचा बोळा करून परत सोडा, हवेचा अडथळा काय करतो ते दिसतं. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या अंतराळवीर डेव्हिड स्कॉटनं चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडलं, दोन्ही एकाच वेळी खाली पडली, तिथं हवाच नाही.

इथवर आलं की कोणीतरी विचारतंच की मग ढगातनं पाऊस दोन किलोमीटरवरनं पडतो त्याचं काय. गणित करू द्या, हवा नसती तर थेंब तासाला ७०० किलोमीटरच्या वर वेगानं डोक्यावर आला असता. खरा मोठा थेंब सेकंदाला फार तर ९ मीटरच्या आसपास येतो. वेग वाढेल तसा हवेचा अडथळा वाढतो, आणि एका ठिकाणी वर ढकलणारी हवा आणि खाली ओढणारी पृथ्वी सारखी होतात. पोराला थेंब काढून दोन बाण काढायला सांगा, सारख्या लांबीचे, आणि विचारा आता थेंब थांबेल काय. बहुतेक जण हो म्हणतात. मग टाईलवरच्या गोटीची आठवण करून द्या, चालू राहायला फोर्स लागत नाही, म्हणून थेंब थांबत नाही, त्याच वेगानं खाली येत राहतो.